मामी बसली की बंद पडणारी गाडी

नाशिकला लोक दर्शनाला जातात, लग्नकार्याला जातात, कुणी नुसती द्राक्षं आणायलाही जातात. मी गेलो ते एका गाडीचं दुखणं बघायला. सत्त्याण्णव सालचा मे महिना होता, शाळेला सुटी लागली होती आणि मामीचं पोस्टकार्ड आलं. "मामांची गाडी लांबच्या वाटेला बंद पडते. द्वारका चौकातले तीन मेकॅनिक झाले. तुला त्यातलं कळतं, येऊन जा." मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो आणि माझ्याकडे एक स्कूटर आहे. एवढ्या भांडवलावर मला गाड्यांतलं कळतं असा आमच्या नातेवाइकांत समज आहे, आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही.

कार्डाच्या शेवटी, पत्त्याच्या जागेला खेटून, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. "ती माझ्यामुळे बंद पडते का, निदान तेवढं तरी सांग." मी ती वाचली, मामीची गंमत म्हणून हसलो आणि बॅग भरायला घेतली.

पहिला दिवस, सातपूर

मामा सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घर अजून भोंग्यावर चालतं. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की चहा, दुपारच्या भोंग्याला ताटं. मी रात्रभर एसटीत आंबून पोचलो तो नेमका दोन भोंग्यांच्या मध्ये, तेव्हा मला आधी कोपऱ्यावर नेऊन मिसळ खायला घालण्यात आली. आमच्याकडे मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस देतात. इथे पाव, वर दही आणि शिवाय भाजलेला पापड. मिसळीवर पापड मोडून खायची ही रीत मला आधी आगाऊपणाची वाटली. दुसरा पापड मी स्वतःच मागून घेतला.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. चौसष्ट सालची, सायीच्या रंगाची, गियर स्टेअरिंगला आणि पुढे बाकासारखी एकच लांब सीट. अंगावर जुन्या चादरी जोडून शिवलेली खोळ. मामांनी ती अशी काही हळुवार काढली की मला उगाच चप्पल बाहेर काढून ठेवावीशी वाटली. चावी फिरवताच गाडी सुरू झाली. आवाज लयीत, धूर नाही, खोकला नाही. आजारी माणूस डॉक्टरांसमोर टुणटुणीत होतो, तसलाच हा प्रकार.

"द्वारकेवर पण असंच करते," मामा म्हणाले. "तिथे दिवसभर फिरवली तरी काही होत नाही. घाटात नेली की मरते."

तिन्ही मेकॅनिकांनी आपापला अंदाज गाडीत बसवून दिला होता. पहिल्यानं इंजिनाला चिकटलेल्या छोट्या पेट्रोलपंपाचा रबरी पडदा बदलला. दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला. तिसऱ्याला काही सुचलं नाही म्हणून त्यानं नवी कॉइल घातली. मामांचा स्वतःचा निदानग्रंथ वेगळाच होता. ड्राफ्ट्समन माणूस, त्यांनी एक वही आखली होती आणि गाडी जेव्हा जेव्हा बंद पडली तेव्हाची तारीख, ठिकाण, ऊन, किती किलोमीटरवर पडली आणि बरोबर कोण होतं, हे सगळं सुवाच्य अक्षरात मांडलं होतं. दोन वर्षांत सहा वेळा. कारणाच्या रकान्यात सहाही वेळा "पंप तापला" असं होतं, कारण दर वेळी पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबलं की गाडी आपोआप सुरू व्हायची. पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि वाट अडवते, हे मलाही पुस्तकातून ठाऊक होतं, म्हणून मी शहाण्यासारखी मान हलवली.

मग माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली. बरोबर कोण: सौ. सौ. सौ. सहाच्या सहा वेळा.

"हे काय?" मी विचारलं.

"जे आहे ते लिहिलंय," मामा म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या दिवाळीत सप्तशृंगीला जाताना गाडी सहाव्यांदा बंद पडली. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. मामा चिडून म्हणाले, "तू उतरून बाजूला बस, मग बघ कशी चालते." फडकं टाकलं, मामी खरोखर उतरून झाडाखाली जाऊन बसली, आणि अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली. मामा ते बोलून विसरले. मामी विसरली नाही. त्या दिवसापासून ती गाडीत बसलेली नाही. माहेरी गेली ती एसटीनं, डोळे तपासायला गेली ती रिक्षानं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईनं आपला पायगुण वाईट आहे असं मनात धरलं होतं, आणि तेही एका गाडीच्या बाबतीत.

त्यातच आता लग्न आलं होतं. सीताराम म्हणून मामांच्या कारखान्यातले फिटर, पेठ तालुक्यातले. तीस वर्षं दोघं एकाच शेडमध्ये, एक कागदावर काढायचा आणि दुसरा लोखंडात बसवायचा. सीताराम निवृत्त होऊन आपल्या पाड्यावर भात-नागली करायला परत गेले होते. त्यांच्या मुलीला, यमुनेला, ती फ्रॉकमध्ये होती तेव्हाच मामांनी सांगून ठेवलं होतं की तुझी वरात माझ्या गाडीतून. सीतारामांच्या घरून मामीला खास निरोप होता. मामीचं उत्तर ठरलेलं होतं. तुम्ही दोघं जा, मी घर सांभाळते.

दुसरा दिवस, सिन्नर

मी म्हटलं, आधी चाचणी घेऊ. दुपारी बाराच्या उन्हात मामा आणि मी सिन्नरला निघालो. मामांनी कोपऱ्यावरच्या पंपावर नेहमीसारखं पाच लिटर टाकलं. शहरातल्या शहरात ते तेवढंच टाकतात. रस्त्यानं कांद्याचे ट्रक, एसटी, टपावर माणसं बसलेल्या जीपा. या जीपांना आमच्याकडे वडाप म्हणतात, इथे नुसतं जीप. पण कोंबायची पद्धत तीच. इंजिनावर हात ठेवला तर चटका बसेल इतकं ऊन होतं. मी कान देऊन बसलो होतो. गाडी सिन्नरपर्यंत एकदाही अडखळली नाही. तिथे आम्ही उसाचा रस प्यालो आणि तसेच परत आलो.

जेवताना मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं, "गाडीत काही दोष नाही. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, एक ठसका नाही."

मामी माझ्या वाटीत आमरस वाढत होती. तिनं वाटी भरली, पळी पातेल्यात ठेवली आणि म्हणाली, "बघ म्हणजे. मी नव्हते."

कार्डावरच्या त्या बारीक ओळीला मी भर दुपारी, ताटावर बसून उत्तर दिलं होतं, आणि तेही पुराव्यासकट. शाळेत मुलांना मी सांगतो की एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नका. स्वतः मात्र साठ किलोमीटरवर पायगुण सिद्ध करून मोकळा झालो. माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळभर मी मामीच्या मागे होतो. शेवटी मी तिला म्हटलं, "मामी, तू बसल्याशिवाय मला दुखणं कळणारच नाही. बंद पडली तर पडू दे. मला ती बंद पडलेलीच बघायची आहे."

"आणि नवरीला घेऊन जाताना पडली तर?"

"त्याच्या आधी पडेल आणि त्याच्या आधी दुरुस्त होईल."

हा शब्द मी कुठल्या जोरावर दिला ते मला आजही माहीत नाही. मामी गहू निवडत होती, तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुझ्या प्रयोगासाठी येते. लग्नासाठी नाही."

तिसरा दिवस, सावळघाट

लग्न दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून प्रयोगही पाड्याच्याच वाटेवर करायचा ठरला. सकाळी मामांनी टाकी काठोकाठ भरून आणली. लांब जायचं तर टाकी फुल, हा त्यांचा नियम. मामीनं तबक आणलं. तीन वर्षांपूर्वी सिन्नरच्या रस्त्यावर एक ट्रक या गाडीला घासून गेला होता, मामा थोडक्यात वाचले. तेव्हापासून लांबच्या प्रवासाला निघताना गाडीला ओलं हळदकुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा, हे तिनं सोडलेलं नाही. गाडीत बसायचं सोडलं होतं तरी हात तबकाकडे गेलाच. बॉनेटवर लावलं की रंगाला डाग पडतो म्हणून मामांनी तिला फार पूर्वी जागा ठरवून दिली होती. डिकीशेजारी पेट्रोलच्या टाकीचं चकचकीत झाकण आहे, तिथे. मामीनं त्यावर बोटभर ओलं कुंकू लावलं, डोळे मिटले आणि गाडीच्या मागच्या सीटवर एका कडेला जाऊन बसली. अंग चोरून, जणू आपलं वजनही गाडीला कळू नये.

पेठनाका मागे पडला, द्राक्षांचे मांडव संपले आणि जमीन तांबडी व्हायला लागली. आमच्याकडे मे महिन्यात डोंगर म्हणजे नुसता दगड. इथे पळस, साग आणि कडेनं करवंदाच्या जाळ्या, काळ्याभोर लगडलेल्या. मामा गुणगुणत होते. मी मागे वळून बघितलं तर मामी खिडकीबाहेर बघत नव्हती, मामांच्या मानेकडे बघत होती.

सावळघाट सुरू झाला आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडीनं पहिला आचका दिला. मग दुसरा. मामांनी गियर बदलला, पाय दाबला, गाडी दहा पावलं रडतखडत गेली आणि गप्प झाली.

मामी दार उघडून उतरली, रस्त्याच्या कडेला एका सागाखाली गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. तिला असं बसलेलं बघून मला माझ्या विज्ञानाचा राग आला.

आम्ही बॉनेट उघडलं. पंपावर ओलं फडकं टाकलं. मी कार्बोरेटरची नळी काढून बघितली, पेट्रोल आलं ते कसंबसं, थेंब थेंब. मामा म्हणाले, "बघ, वाफ झालीय." मी म्हटलं, "वाफच." एक जीप वर चालली होती. सीताराम करंजाळीच्या फाट्यावर आमची वाट बघत थांबणार होते, त्यांना सांग म्हणून त्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला.

वीस-पंचवीस मिनिटांत खाली येणाऱ्या एका जीपमधून सीताराम उतरले. सडपातळ माणूस, पांढरी पॅन्ट, पायात टायरच्या चपला, डोक्याला टॉवेल. मुलीचं लग्न उद्यावर आलेलं आणि हा माणूस हातात पाना घेऊन आलेला. मामा बोल्टला पाना लावणार तोच त्यांनी मामांचा हात धरला.

"साहेब, आधी काय बी खोलू नका. मला सांगा, निघताना टाकी भरली का?"

"फुल केली."

"आणि काल-परवा चालवली तवा?"

"सिन्नरला नेली होती. पाच लिटरवर. काही झालं नाही."

"गावात कमी पेट्रोलवर चालती, लांब जाताना टाकी फुल केली का बंद पडती. असंच ना दर वेळी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. वहीत सगळे रकाने होते. टाकीत पेट्रोल किती, हा रकाना नव्हता.

सीताराम गाडीला वळसा घालून मागे गेले. पेट्रोलच्या झाकणावर कान टेकवला. मग ते अगदी हळू फिरवलं. सुस्स असा लांबलचक आवाज झाला, प्रेशर कुकरसारखा, पण उलटा. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. त्यांनी झाकण पुन्हा नुसतं टेकवलं आणि म्हणाले, "आता मारा स्टार्टर."

पंप तसाच तापलेला होता, फडकं कधीच वाळलं होतं. तरीही गाडी एका चावीत सुरू झाली.

आठवीच्या वर्गात मी दर वर्षी पाण्यानं भरलेली नळी वरून बोटानं बंद करून दाखवतो. वरून हवा आत गेल्याशिवाय खालून पाणी पडत नाही, हे मुलांकडून दहादा वदवून घेतो. टाकीतलं पेट्रोल संपत जातं तशी त्याच्या जागी हवा यावी लागते, त्यासाठी झाकणाला एक सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. टाकी भरलेली असली की आत हवेला मुळात जागाच कमी, म्हणून गाडी लवकर अडते. आणि अर्धा तास थांबलं की कुठूनतरी थोडी हवा झिरपते, त्याचं श्रेय आम्ही ओल्या फडक्याला देत होतो.

सीतारामांनी झाकण उन्हाकडे धरलं. "इथं भोक असतं," ते म्हणाले. करवंदाचा एक काटा तोडून त्यांनी तो टोचला. तांबडा खपला निघून त्यांच्या तळहातावर पडला. वर सकाळचं ओलं, खाली तीन वर्षांचे थर. जुनं वाळून तडकायचं, त्यातून हवा थोडीफार जायची. मामी प्रवासाला निघाली की वरून ताजं ओलं कुंकू बसायचं आणि भोक घट्ट बंद. वहीतला 'बरोबर कोण' हा रकाना खोटा नव्हता तर.

सीतारामांनी तळहातावरच्या कुंकवाकडे बघितलं, मग सागाखाली पाठ करून बसलेल्या मामीकडे. त्यांनी तो हात टॉवेलला पुसला. आम्हाला हळू आवाजात म्हणाले, "वहिनींना काय बोलू नका. जीव लावून करत्यात त्या." आणि मग मोठ्यानं म्हणाले, "कचरा होता, वहिनी. पेट्रोलात कचरा. निघाला."

मामांनी मान हलवली. मीही हलवली. तिघांनाही वाटलं की आपण एका बाईचं मन राखलं.

मामी उठून गाडीपाशी आली. "मी बसले की बरोबर कचरा येतो," एवढंच म्हणाली.

पाड्यावर

पेठ सोडून आत वळलं की रस्ता नावापुरता उरतो. सीतारामांच्या पाड्यावर पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, वर कौलं. दारात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि त्याखाली एवढा गारवा की बाहेरचं ऊन विसरायला झालं. आम्हाला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची, म्हणजे आमच्याकडच्या कारळ्याची काळी चटणी वाढली. नागलीची भाकरी दिसायला चॉकलेटी, आमच्या ज्वारीच्या भाकरीच्या निम्म्या आकाराची, आणि पोटात गेली की संध्याकाळपर्यंत भूक नाही. खुरासणीची चटणी मी तीनदा मागितली. वाढणारी म्हातारी हसून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही, पण चौथ्यांदा न मागताच वाढलं.

सीतारामांच्या नात्यागोत्यात लग्न नवऱ्याच्या दारात लागतं. आमच्याकडे नवरा वाजतगाजत नवरीच्या गावी येतो, इथे नवरीच माणसं घेऊन निघते. मला हे आवडलं. ज्या घरात जन्म काढायचा ते आधी चार माणसं घेऊन बघून यावं, त्यात शहाणपण आहे.

संध्याकाळी हळदीला बायकांनी मामीला ओढून नेलं. ती पहिल्यांदा दाराशीच बसली होती. यमुनेनं हात धरून तिला आत घेतलं. "काकू, तुम्हीच लावा पहिली," ती म्हणाली. यमुना अंगणवाडीत शिकवते, बोलणं धीट. मामीनं हळद लावली आणि लगेच हात मागे घेतला. कुडाच्या फटीतून मला ते दिसलं.

मामांनाही दिसलं असावं. झोपायच्या आधी ते मला म्हणाले, "अवी, कचरा म्हणून सांगितलं ते चुकलंच आपलं."

चौथा दिवस

सकाळी गाडीला आंब्याची पानं आणि रंगीत कागदाच्या पताका बांधल्या होत्या. वाजंत्री पुढे जीपमध्ये चढत होते. यमुना पिवळ्या साडीत गाडीत बसली, शेजारी तिच्या दोन मैत्रिणी. पुढची जागा मामीसाठी मोकळी होती, आणि मामी हातात पिशवी घेऊन जीपपाशी उभी होती.

"वहिनी, इकडं," सीताराम म्हणाले.

"मी जीपनं येते. नवरीच्या गाडीत मी नको."

"काकू, तुम्ही नाही तर मी पण उतरते," यमुना म्हणाली.

"वेडेपणा करू नकोस पोरी. तुझ्या चांगल्या दिवशी माझं सावट नको."

ती हे शांतपणे म्हणाली, डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. दोन वर्षं आपल्याविषयीची एक गोष्ट तिनं तपासली होती आणि तिला ती पटली होती. सीताराम मातीकडे बघत होते.

मामा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. सगळे ऐकत होते, तरी त्यांनी आवाज कमी केला नाही.

"तेलाचा डबा आला की तू काय करतेस?"

मामी गोंधळली. "हे काय आता?"

"सांग तर."

"दोन भोकं पाडते."

"दोन कशाला? तेल तर एकातूनच पडतं."

"वारा आत जायला नको का? नाहीतर नुसतं डबडब करतं, धार लागत नाही."

"हिच्या टाकीलाही वाऱ्याचं भोक आहे. झाकणावर. त्यात तुझं कुंकू बसलं होतं. कालचा कचरा म्हणजे तेच. मी खोटं बोललो, आणि सीतारामालाही बोलू दिलं." मामांनी झाकणाकडे बोट दाखवलं. "ती जागा मीच तुला दाखवली होती. माझा रंग खराब होईल म्हणून. आणि दोन वर्षं वहीत तुझं नाव लिहीत बसलो. झाकण उघडून बघितलं नाही."

मामी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं जपणंच गाडी बंद पाडत होतं हे कळल्यावर तिचं काय होईल, याची मला धास्ती होती. म्हणूनच तर आम्ही तिघं शहाणे गप्प बसलो होतो.

"म्हणजे मीच बंद पाडत होते," ती म्हणाली.

"हो."

"कुंकवानं."

"हो."

"माझ्यात काही नाही? माझ्या बसण्यात?"

मामांनी 'नाही' अशी मान हलवली.

"मग चूक झाली म्हणायची," मामी म्हणाली. तिनं एक मोठा श्वास सोडला, आणि तो सोडताना तिचे खांदे इतके खाली आले की ते दोन वर्षं वर उचललेले होते हे मला तेव्हा समजलं. "चूक काय, कुणाच्याही हातून होते. कालच सांगायचं ना. रात्रभर झोप नाही मला." पिशवी माझ्या हातात देऊन ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि पदर सावरत मागे वळून यमुनेला म्हणाली, "मुंडावळ्या सरळ कर गं, डोळ्यावर येतायत."

गाडी सुरगाण्याच्या वाटेनं एकदाही न अडखळता गेली. चढावर मामा सवयीनं कान टवकारायचे. मामी मात्र मागच्या मुलींशी बोलण्यात गुंग होती. नवऱ्याच्या मांडवात उतरल्यावर तासाभरात तिनं ही गोष्ट तिथल्या सगळ्या बायकांना सांगून टाकली होती. "आमच्या गाडीचं नाक मी दोन वर्षं दाबून धरलं होतं," असं ती म्हणत होती आणि बायका पोट धरून हसत होत्या. जिच्यापासून आम्ही लपवलं, तीच गावभर सांगत होती. मी अक्षता टाकल्या, जेवलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा पावरी या वाद्याच्या सुरावर बेसूर पाय हलवले.

परत

दुसऱ्या दिवशी परतताना पेठ मागे पडलं, करंजाळी गेली आणि एका साध्या सपाट रस्त्यावर गाडीनं आचका दिला. मग आणखी एक. आणि बंद पडली.

मामांनी स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. माझी मामीकडे बघायची हिंमत होईना. सांगितलेलं खरं कारण, तेलाचा डबा, सगळं पाण्यात गेलं असं मला वाटलं.

मामी दार उघडून उतरली. पदर खोचून ती मागे गेली, टाकीच्या झाकणाला कान लावला, मग ते हळूच फिरवून ऐकलं. आवाज आला नाही. तिनं झाकण घट्ट लावलं, पुढे येऊन मामांच्या खिडकीत वाकली आणि म्हणाली, "वारा नीट जातोय. या वेळी मी नाही हं. तुमचं तुम्ही बघा."

मग ती रस्ता ओलांडून करवंदाच्या जाळीपाशी गेली. मामांनी आणि मी बॉनेट उघडलं. आम्ही दोघं तासभर शोधत होतो, आणि ती तासभर करवंदं खात होती.